सत्तेचाळीस नंबरची सायकल

साहेब, हे सगळं तुम्ही केलंत. मान वळवून मागे बघू नका, मागे शिपाईसुद्धा उभा नाही. परिपत्रकाखाली हिरव्या शाईत सही आहे ती तुमची. 'सर्व कर्मचाऱ्यांनी आठवड्यातून किमान एक दिवस सायकलने कार्यालयात यावे. त्यासाठी आवश्यक त्या सुविधा उपलब्ध करून देण्यात येतील.' ही सही झाली तेव्हा खाली तुमची गाडी चालू करून ठेवलेली होती, तुम्ही बसाल तेव्हा आतली हवा गार असावी म्हणून. ते असो. अख्ख्या कार्यालयात तुमचं परिपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा एकच माणूस आहे, आणि तुम्ही नेमका त्याचाच घात केलात.

त्या माणसाला सगळे नोंदवाले म्हणतात. तिसऱ्या मजल्यावरच्या रेकॉर्डरूममध्ये ते एकतीस वर्षं बसतात. लोखंडी रॅक, दोरीनं बांधलेले गठ्ठे, जुन्या खळीचा वास आणि दाराजवळ टेबलावर एक जाडजूड नोंदवही. आत येणारी वस्तू तीत चढणार, बाहेर जाणारी साहेबांच्या सहीनं उतरणार. एकदा एक फाईल गायब झाली तेव्हा हा नियम नोंदवाल्यांनी स्वतः लिहून मंजूर करून घेतला होता. पुढे एका रंगाऱ्यानं भिंत रंगवायला शिडी आत आणली, तर तीही त्यांनी वहीत चढवली, आणि परत नेताना सही मिळेपर्यंत रंगाऱ्याला दोन दिवस बाकावर बसवलं. रंगारी रडकुंडीला आला. नोंदवाले म्हणाले, "आधी नोंद, मग बोला." एकतीस वर्षांत त्या वहीत एक खाडाखोड नाही. माणसाला आयुष्यात अभिमान वाटावा असं फार थोडं असतं. त्यांच्याकडे हे होतं.

परिपत्रक वाचून ते घरी आले आणि जेवताना सहज बोलले. तिथंच चुकलं.

खिडकीजवळच्या खुर्चीतून अण्णा म्हणाले, "माझी आहे की माळ्यावर."

अण्णा म्हणजे नोंदवाल्यांचे वडील. वय शहाऐंशी. डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, पण कान असे की खालून जाणाऱ्या सायकलचा कुठला आरा सैल आहे ते वरून सांगतील. ते याच कार्यालयात जावक कारकून होते. चौतीस वर्षं एकाच काळ्या सायकलवर गेले आणि आले. मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या स्टँडमध्ये त्यांची जागा ठरलेली होती, सत्तेचाळीस नंबर. भिंतीवर पांढऱ्या रंगात आकडा, खाली लोखंडी कडी.

नोंदवाल्यांचं लहानपण त्या सायकलच्या आवाजावर चाललं होतं. कोपऱ्यावर वळलं की अण्णा पायडल मारणं थांबवायचे. मग मागच्या चाकातलं फ्रीव्हील बोलायला लागायचं, टिकटिकटिकटिक. तो आवाज आला की आई चहाचं आधण ठेवायची, ताई आरसा सोडायची आणि नोंदवाले कुठलंही पुस्तक कुठंही उघडून मोठ्यानं वाचायला लागायचे. अण्णा दारात यायचे तेव्हा घर इतकं गुणी झालेलं असायचं की विचारू नका. रविवारी अण्णा पुढच्या दांड्यावर टॉवेल गुंडाळून नोंदवाल्यांना बसवायचे. पायाला मुंग्या यायच्या, पण उतरायचं नाव कोण काढतो?

माळ्यावर चढून बघितलं तर नुसता सांगाडा होता. फ्रेम, हँडल, ब्रेकच्या सळ्या आणि एका कडेला उंदरांनी चव घेतलेली चामड्याची सीट. बाकीचं गेलं कुठं, कुणाला ठाऊक नाही.

"सांगाडा आहे ना?" नोंदवाले म्हणाले, "मग बाकीचे भाग नवे घेऊ. पण घ्यायचे तर सर्वोत्तम. रोज कचेरीत जाण्यायेण्याला आदर्श अशी सायकल!"

'आदर्श' हा शब्द मध्यमवर्गीय माणसानं उच्चारू नये. उच्चारला की शेजारी येतात.

तळमजल्यावरचे ड्रायव्हरकाका तासाभरात वर आले. चाळीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस, निवृत्त झाल्यापासून ज्ञान कुठं ओतावं या विवंचनेत. "गिअर पाहिजेत," ते म्हणाले. "कमीत कमी सात. चढाला गिअर नसेल तर छाती फुटेल."

"वाटेत चढ नाहीये, काका."

"आज नाहीये!"

समोरच्या हेडबाई म्हणाल्या, "गिअर राहू द्या, ब्रेक बघा ब्रेक. तुमचा तोल मी ओळखून आहे. लंगडीत तुम्ही पहिल्या घरात पडायचात." हेडबाई नोंदवाल्यांच्या प्राथमिक शाळेतल्या. विद्यार्थी अठ्ठावन्न वर्षांचा झाला, टक्कल पडलं, म्हणून काय झालं!

मुलगी मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाली, "बाबा, रिम अॅलॉयच्या घ्या. हलक्या असतात."

नोंदवाल्यांनी सगळ्यांचं ऐकलं आणि एक फाईल उघडली. वरती सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'आदर्श सायकल : सुटे भाग निवडीबाबत.' प्रत्येक भागाला एक पान, प्रत्येक पानावर तीन तज्ज्ञांचं मत, खाली स्वतःचा शेरा. रिमला वेगळा तज्ज्ञ, पायडलला वेगळा. अकरा आठवडे हे चाललं आणि अकरा भाग घरात आले. घर दोन खोल्यांचं. चाकं कपाटामागे, पायडल उशाशी, चेन वर्तमानपत्रात गुंडाळून गादीखाली.

बायको एके सकाळी कंबर धरून उठली. "बत्तीस वर्षं झाली आपल्या लग्नाला. माझ्यासाठी कधी तीन ठिकाणी चौकशी करून काही निवडलंत?"

"तुला निवडताना चौकशी केली होती की."

"किती ठिकाणी?"

इथं नोंदवाले खरं बोलले : एका. खरं बोलण्याची सवय वाईट. चार दिवस घरात भांड्यांशिवाय कुणी बोलत नव्हतं.

सातव्या आठवड्यात कार्यालयाच्या मागच्या अंगणात माणसं येऊन सायकल स्टँडचे पत्रे उतरवायला लागली. नोंदवाल्यांनी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून ते बघितलं आणि त्यांचा ऊर भरून आला. ते घरी येऊन म्हणाले, "अण्णा, स्टँडची दुरुस्ती काढलीय. परिपत्रकात लिहिलं होतं, सुविधा उपलब्ध करून देण्यात येतील. शब्दाचे पक्के निघाले साहेब!"

अण्णा म्हणाले, "सत्तेचाळीसची कडी जरा वाकलेली आहे. त्यांना सांग."

साहेब, हे वाक्य लक्षात ठेवा. मी परत विचारणार आहे.

अकरावा भाग आला त्या दिवशी वरात निघाली. पुढं सांगाडा खांद्यावर घेतलेले नोंदवाले, मागं चाकं घेतलेले ड्रायव्हरकाका, त्यामागं बाकीच्या वस्तू पिशवीत घेऊन मुलगी, आणि हेडबाई नुसत्या बघायला. सायकलचं दुकान रस्त्याच्या टोकाला, सायकलवाल्या मावशींचं. नवरा गेल्यावर पाना त्यांनी हातात घेतला तो आजतागायत. हात ग्रीसनं काळे, जीभ त्याहून तिखट.

मावशींनी एकेक वस्तू हातात घेतली, फिरवली, खाली ठेवली. मग म्हणाल्या, "सगळ्या चांगल्या आहेत."

नोंदवाल्यांची छाती फुगली.

"पण एकमेकींना ओळखत नाहीत. हे चाक बघा. तुमची फ्रेम अठ्ठावीस इंची चाकाची, हेही अठ्ठावीस, पण हे अठ्ठावीस वेगळं. बोटभर लहान. तुमच्या ब्रेकचं रबर हवेत चावणार. आणि हे गिअरचं चाक फ्रेमच्या या मागच्या दोन दांड्यांत, कात्रीत, मावत नाही. बाहेरून सुना आणताना घराचं दार मोजलं नव्हतं का?"

"तज्ज्ञांची मतं घेतली होती," नोंदवाले म्हणाले.

"किती जणांची?"

"तेहतीस."

"त्यातल्या एकानं तरी फ्रेम बघितली होती?"

फाईल चाळून बघायची गरज नव्हती. फ्रेमला पान नव्हतंच. ती घरचीच होती ना! घरच्या माणसाची चौकशी कोण करतं?

तेवढ्यात ड्रायव्हरकाका म्हणाले, "कात्रीत मावत नाही म्हणजे काय? फाकवू!" आणि ते घरून ट्रकचा जॅक घेऊन आले. मावशी नको नको म्हणत असताना त्यांनी तो फ्रेमच्या कात्रीत घातला आणि दांडा मारला. फ्रेम कण्हली. खरंच कण्हली, हेडबाईंनी कानावर हात ठेवले. चाक बसलं. "बघा!" काका म्हणाले. "बसा आता!"

नोंदवाले बसले. सायकल पुढं गेली ती नोंदवाल्यांच्या मर्जीनं नव्हे. रस्त्याला उतार होता, जो कुणाच्याच मतात आला नव्हता. त्यांनी ब्रेक दाबला, ब्रेकनं हवा चावली. चेन उडाली, गिअर स्वतःच्या मनानं दोनदा बदलला, आणि सात गिअरची आदर्श सायकल सरळ जाऊन पिठाच्या गिरणीत घुसली. नोंदवाले पांढरेशुभ्र होऊन बाहेर आले. रस्त्यात जमलेल्या माणसांपैकी एकानं विचारलं, "लागलं का हो?" आणि मागून हेडबाईंचा आवाज आला, "पहिल्या घरात! मी म्हटलं नव्हतं?"

लागलं ढोपराला होतं. पण दुखत होतं ते दुसरीकडेच. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला भर रस्त्यात शाळेतल्या लंगडीची आठवण करून द्यावी लागते, याला काय म्हणावं?

मावशींनी त्यांना स्टुलावर बसवून पाणी दिलं. मग आत गेल्या आणि भिंतीवरच्या खिळ्यावरून दोन चाकं काढून घेऊन आल्या. धुळीनं माखलेली, पण सरळ. "ही तुमच्या अण्णांची. ओव्हरहॉलला म्हणून माझ्या नवऱ्याकडे दिली होती. घ्यायला कुणी आलंच नाही. मी विकली नाहीत. तो म्हणायचा, ते येतील, शब्दाचा माणूस आहे."

ओव्हरहॉलला दिली त्याच महिन्यात अण्णांच्या डोळ्यांत पडदा उतरायला लागला होता. चाकं आणायला जायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. राहिलं असेल ते एकट्या अण्णांच्या.

मग उलटी वरात सुरू झाली. घरी जाऊन विचारलं, तर अण्णांनी खुर्चीत बसल्या बसल्या सगळ्या सायकलचा पत्ता सांगितला. "कॅरिअर ड्रायव्हरकडे. झाडाच्या कुंड्या ठेवायला मागून नेलं होतं." काका ओशाळे होऊन कुंड्या उतरवायला गेले. "घंटी हेडबाईंकडे. दाराला लावलीय." आणि खरंच, बारा वर्षं समोरच्या दारावर नोंदवाले जी घंटी वाजवत होते ती त्यांच्या बापाच्या सायकलची होती! हेडबाईंनी ती स्वतः पिळून काढली आणि म्हणाल्या, "मी मागितली नव्हती. त्यांनीच दिली. म्हणाले, वाजत तरी राहील."

"आणि फ्रीव्हील, अण्णा?"

अण्णांनी उशीखालून पत्र्याची डबी काढली. उघडली. आत तेल लावलेलं, कापडात गुंडाळलेलं फ्रीव्हील. त्यांनी ते बोटांत धरून सवयीनं फिरवलं. टिकटिकटिकटिक.

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "हाच! हाच आवाज! दुपारी हाच येतो! मी चार वेळा किडे मारायचं औषध टाकलं हो!"

सगळे हसले. अण्णाही हसले. मग डबी पुढं करून म्हणाले, "घे. त्याची जागा चाकात आहे, डबीत नाही."

मावशींनी फ्रेमची कात्री दोन दिवस खपून सरळ केली. विकत घेतलेल्या अकरा वस्तूंपैकी एकटी चेन उपयोगी पडली. बाकीच्या दहा अजून पलंगाखाली आहेत. बुधवारी सकाळी नोंदवाले सायकलवर बसले. खिडकीत अण्णा, दारात हेडबाई, रस्त्यात काका. या खेपेला पडले नाहीत. कोपऱ्यावर त्यांनी मुद्दाम पायडल थांबवलं, आणि वर खिडकीत एक म्हातारा हात उचलला गेला.

कार्यालयाच्या मागच्या अंगणात ते वळले आणि थांबले.

स्टँड नव्हता. दुरुस्ती झाली नव्हती, स्टँडच नव्हता! गुळगुळीत फरशी, पांढरे पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्यासमोर एकेका अधिकाऱ्याच्या पदाची पाटी. भिंतीला नवा रंग. आकडे पुसलेले. सत्तेचाळीस कुठं होता ते नोंदवाल्यांना डोळे मिटूनही सांगता आलं असतं. तिथं साहेब, तुमची गाडी उभी होती. इंजिन चालू होतं.

वॉचमन म्हणाला, "इथं नाही लावता येणार, नोंदवाले. गाड्यांसाठी आहे."

"मग कुठं लावू?"

"परिपत्रकात काय लिहिलंय?"

"सुविधा उपलब्ध करून देण्यात येतील."

"मग येतील की," वॉचमन म्हणाला. "घाई काय आहे?"

बाहेर रस्त्यावर सोडली तर तासाभरात उचलून नेतील. नोंदवाल्यांनी सायकल खांद्यावर घेतली. लिफ्ट माणसांसाठी, म्हणून जिन्यानं, तिसऱ्या मजल्यापर्यंत. घामाघूम होऊन रेकॉर्डरूममध्ये दोन रॅकच्या मधे उभी केली. आणि मग, साहेब, त्यांचा हात आपोआप नोंदवहीकडे गेला. एकतीस वर्षांची सवय. लिहिलं : 'सायकल, काळी, एक. घंटी व कॅरिअरसह.' शाई वाळल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण काय केलं.

साडेपाचला ते सायकल घेऊन खाली उतरले. वॉचमननं दांडा आडवा धरला.

"रेकॉर्डरूममधून आणलीत ना? सही दाखवा."

"अरे, माझी सायकल आहे!"

"रंगाऱ्याची शिडी कुणाची होती?"

नोंदवाल्यांनी सायकल भिंतीला टेकवली.

"तुम्हीच शिकवलंत," वॉचमन जरा मायेनंच म्हणाला. "कागद असो की खुर्ची, सहीशिवाय जिना उतरायचा नाही. एवढा एकच नियम मला पाठ आहे बघा. वहीतली ओळ खोडा, मी सोडतो."

ओळ खोडा! काम सेकंदाचं होतं. ते वर गेले, वही उघडली, पेन हातात घेतलं. आणि ठेवलं. सायकल खांद्यावर परत वर नेली होतीच. ती दोन रॅकच्या मधे उभी केली, अर्ज लिहिला, आणि माणूस चालत घरी गेला.

अर्जावर तुम्ही पहिल्या दिवशी लिहिलंत, 'चर्चा करावी.' चर्चेला वेळ दिला नाहीत. पुढच्या आठवड्यात लिहिलंत, 'सदर सायकल कार्यालयाच्या मालकीची नसल्याचा दाखला जोडावा.' तो दाखला कुठून मिळतो? रेकॉर्डरूममधून. नोंदवाल्यांनी स्वतःकडेच अर्ज केला, स्वतःच जुने गठ्ठे सोडले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना स्टँडचं जुनं रजिस्टर सापडलं. सत्तेचाळीस नंबर. चौतीस वर्षं. रोज वेळ आणि पुढं अण्णांची बारीक सही. दहा पंचवीस. दहा पंचवीस. दहा पंचवीस. एका दिवशी दहा पस्तीस, आणि शेऱ्याच्या रकान्यात अण्णांच्याच अक्षरात, 'मुलाला शाळेत सोडले. रडत होता.' नोंदवाले ते पान धरून बराच वेळ खाली जमिनीवर बसून होते. मग दाखला जोडला. तुम्ही लिहिलंत, 'तपासून सादर करावे.' त्याला आज तेवीस दिवस झाले.

आता घरचं सांगतो. पहिल्या संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "आज आवाज आला नाही तुझा?"

"रस्त्यावर गर्दी होती, अण्णा."

दुसऱ्या दिवसापासून नोंदवाल्यांनी पलंगाखालचं नवं फ्रीव्हील खिशात घालून न्यायला सुरुवात केली. कोपऱ्यावर आले की हा अठ्ठावन्न वर्षांचा रेकॉर्डकीपर इकडं तिकडं बघतो, खिशातून ते काढतो आणि बोटांनी फिरवत खिडकीखालून चालत येतो. टिकटिकटिकटिक. लोक बघतात. एका बाईनं मुलाला पलीकडच्या बाजूला घेतलं. वरून बायको चहाचं आधण ठेवते. तिला सगळं माहीत आहे. ती काही बोलत नाही, आणि ही तिच्या बत्तीस वर्षांतली सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

काल अण्णांनी चहा संपवून कप खाली ठेवला. "फ्रीव्हील बदललंस?"

नोंदवाल्यांनी खिशावर हात ठेवला. "नाही. का?"

"आवाज कोरा येतोय." मग म्हणाले, "सत्तेचाळीसलाच लावतोस ना?"

एकतीस वर्षांत एक खोटी नोंद न केलेला माणूस म्हणाला, "हो, अण्णा."

"कडी नीट केली त्यांनी?"

"केली."

"बरं झालं." अण्णांनी रिकाम्या डबीवरून हात फिरवला. "मग येत्या बुधवारी मला ने. रिक्षानं येईन, उतरायला तू आहेस. दिसणार काही नाही, पण भिंतीला हात लावून आकडा चाचपता येतो. जाड रंगाचा होता. आणि आपलं फ्रीव्हील एकदा फिरवून बघीन."

तर साहेब, बुधवारी दहा पंचवीसला एक शहाऐंशी वर्षांचा माणूस तुमच्या गाडीसमोर उभा राहील आणि भिंत चाचपेल. वेळ चुकणार नाही, रजिस्टर बघा. त्याचा मुलगा शेजारी खाली मान घालून उभा असेल, कारण तो तुमच्यासाठी खोटं बोललाय. आयुष्यात पहिल्यांदाच. तुमच्या टेबलावर डाव्या बाजूच्या गठ्ठ्यात खालून चौथा कागद त्याचा आहे. सही करायची असेल तर करा. नसेल करायची तर खाली या, गाडीचं इंजिन बंद करा, आणि त्या म्हाताऱ्याला तुमच्या तोंडानं सांगा, सत्तेचाळीस नंबर कुठं गेला?

'चर्चा करावी' चालणार नाही. उत्तर द्या.